मदत हवी आहे : एकाची नोकरी वाळूजला, दुसऱ्याची शेंद्र्याला, संभाजीनगरात घर कुठं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले. २०१७ पासून वाळूजजवळच्या बजाजनगरात भाड्यानं राहतो. मिस्टर वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत, तिन्ही शिफ्टा फिरत्या. मीही आधी वाळूजमध्येच एका लॅबमध्ये होते. गेल्या वर्षी शेंद्र्याला क्वालिटी विभागात नोकरी मिळाली. पगार जवळपास दीडपट, म्हणून घेतली, आणि तेव्हापासून घराचं सगळं गणित विस्कटलं.

शहर माहीत नसलेल्यांसाठी सांगते. वाळूज पश्चिमेला नगर रोडवर, शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर, आणि मधे अख्खं शहर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीसेक किलोमीटर. मी सकाळी सव्वासातला स्कूटी काढते. आमचं वाळूजजवळचं छोटं पंढरपूर, गोलवाडी, छावणी, नगर नाका, तिथून क्रांती चौक आणि मग सरळ जालना रोड. पोचायला सव्वा तास. संध्याकाळी वाळूजच्या शिफ्टा सुटायची वेळ गाठली की दीड तास नक्की. आषाढीला या पंढरपुरात यात्रा भरते, त्या दिवशी तर सुट्टीच टाकते. पेट्रोलला महिन्याला साडेतीन हजार जातात. त्याचं फार वाटत नाही. लेक झोपायच्या आधी मला तिच्याजवळ जेमतेम तासभर मिळतो, त्याचं वाटतं.

लेक पाच वर्षांची आहे, येत्या जूनला पहिलीत जाईल. म्हणून निर्णय याच वर्षी करायचाय. एकदा शाळेत बसली की दोन वर्षांनी तिला उचलून दुसरीकडे टाकायची नाही असं आमचं ठरलंय. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. लिफ्ट आहे म्हणून वरचा मजला घ्यावा तर लाईट गेल्यावर त्या घरातच अडकणार.

बजेट स्पष्ट सांगते. सगळं मिळून ३८ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. दोघांचे पगार धरून बँक २८ लाखांपर्यंत द्यायला तयार आहे, वीस वर्षांसाठी हप्ता साधारण २४-२५ हजार. दहा लाख जमवलेत, त्यातले दोन गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचे आहेत. मुद्रांक आणि नोंदणीला दोन-अडीच लाख लागतील असं वकिलांनी सांगितलं. तेवढ्याला बँक कर्ज देत नाही, ते आपल्याच खिशातून. घर माझ्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, म्हणून माझ्याच नावावर घेतोय. मिस्टरांनीच सुचवलं हे.

आतापर्यंत काय पाहिलं ते सांगते.

सिडकोत एन-५, एन-७ कडे फिरलो. झाडं, बागा, रुंद रस्ते, शाळा चालत जाण्याइतक्या जवळ, सासूबाईंना तिथून हलावंसंच वाटेना. पण जुन्या दोन खोल्यांच्या घरालाही साठ लाखांच्या पुढचे आकडे ऐकले. विषय संपला.

पिसादेवीला रो-हाउस बजेटात बसतं, अंगणही मिळतं. पण सगळं मागच्या काही वर्षांत वाढलेलं. आतले रस्ते कच्चे, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचं काय होतं ते सांगायला नको. वाळूज तर तिथून फारच लांब पडतं.

देवळाई आणि सातारा परिसर मिस्टरांना पसंत आहे. नकाशावर त्यांचं म्हणणं बरोबरच दिसतं. बीड बायपासवरून पूर्वेला झाल्टा फाटा आणि केंब्रिज चौकातून मी जालना रोडला लागते, शहरात शिरायचं कामच नाही. पश्चिमेला महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडनं ते वाळूजला जातात. बायपासवर उड्डाणपूल झाल्यापासून रस्ताही पूर्वीइतका जीवघेणा राहिला नाही. दोन बीएचके ३४ ते ३७ लाखांत सांगतात. अडचण एकच, पाणी. हा भाग २०१५ च्या सुमारास महापालिकेत आला, तरी आम्ही पाहिलेल्या तीन सोसायट्यांपैकी एकीलाही नळ नव्हता. बोअर आणि टँकर, एवढ्यावरच चाललंय.

बजाजनगरातच घ्यावं असं सासूबाईंचं मत. इथं एमआयडीसीचं पाणी येतं, शहरात लोक कितीतरी दिवस नळाची वाट बघतात तसं नाही. शेजारी निम्मे परभणी, हिंगोली, नांदेडचे. दुखलं-खुपलं तर दारात चार माणसं उभी राहतात. हे सोडून जाणं त्यांना जड जातंय, आणि मला ते कळतं.

एकदा पोळूनही निघालोय. शहराच्या कडेला एक रो-हाउस आवडलं, एजंटच्या शब्दावर ५१ हजार टोकन दिलं. बँकेच्या वकिलानं कागद पाहिले तर प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला, नियमित केलेला नाही, एनए (बिगरशेती) नाही, मंजूर नकाशा नाही. कर्ज नामंजूर झालं. टोकनातले निम्मेच पैसे परत आले. उरलेल्या निम्म्यात लेकीची वर्षाची फी भरून झाली असती.

तर प्रश्न असा. दोघांना सारखं अंतर पडेल असं मधे घर घ्यावं, की एकाच्या कामाजवळ? आणि एकाच्या, तर कुणाच्या? देवळाईत राहणाऱ्यांनी पाण्याचं खरंखरं सांगा. मुकुंदवाडी-चिकलठाण्याकडे आम्ही अजून गेलोच नाही, तिकडचं कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, मी देवळाईत सहा वर्षांपासून राहतो. खोटं बोलणार नाही. जागा चांगली आहे, हवा चांगली आहे, साताऱ्याच्या डोंगराकडून संध्याकाळी वारा येतो. पण तुम्ही घर कोणत्या महिन्यात पाहिलं ते सांगा. दिवाळीच्या आसपास पाहिलं असेल तर बोअरला पाणी होतंच. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी भेगांत साठतं तेवढंच, आणि मार्च सरला की संपतं. शेजारच्या प्लॉटला लागलं म्हणून तुमच्याला लागेल असंही नाही.

आमची २४ फ्लॅटची सोसायटी. मे महिन्यात दिवसाला दोन टँकर लागतात. त्यानं प्रत्येकाच्या मेंटेनन्समध्ये १,८०० रुपयांच्या आसपास वाढ होते. ज्या सोसायटीत घर बघाल तिथल्या सेक्रेटरीकडून मागच्या वर्षीची बाराही महिन्यांची बिलं मागा. एप्रिल, मे, जूनची वेगळी काढून बघा. द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा. प्यायचं पाणी आम्ही जारचं घेतो, तो खर्च निराळा. हप्ता २५ हजार असेल तर हे सगळं त्यात मिळवून मगच झेपतंय का ते बघा.

नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झालं. जायकवाडीहून अडीच मीटर व्यासाची लाईन. बिल्डर हमखास तिचं नाव घेतो. आपण घर घेताना आज नळाला काय येतं तेवढंच धरावं.

प्रतिसाद

वहिनी, मी वाळूजला बावीस वर्षं काढली आणि राहतो मुकुंदवाडीत. लोक विचारतात, एवढ्या लांबून कसा येतोस? अहो, कंपनीची बस आहे ना. फर्स्ट शिफ्टला पाच वाजून दहा मिनिटांनी चौकात उभा राहतो, बसमध्ये बसल्या बसल्या झोपतो, गेटवर उतरतो. येतानाही तसंच. पाऊस असो, धुकं असो, गाडी आपल्याला चालवायची नसते.

तुमच्या मिस्टरांच्या कंपनीची बस आहे का, ते लिहिलंच नाही तुम्ही. असेल तर तिचा रूट आधी काढा, तिन्ही शिफ्टचा. काही कंपन्यांची बस रात्रपाळीला सगळीकडे जात नाही, ते मुद्दाम विचारा. बस दारापाशी येत असेल तर त्यांचे पंचवीस किलोमीटर आणि तुमचे स्कूटीवरचे पंचवीस किलोमीटर सारखे धरू नका. नकाशावर मधोमध घर घेऊन दोघांनीही गाडी हाकायची, यात कुणाचं भलं?

आणि एक. लेकराला ताप आला म्हणून शाळेतून फोन येईल तेव्हा कोण निघणार आहे? लाईन चालू असताना ऑपरेटरला सोडत नाहीत, हे मी बावीस वर्षं बघतोय.

प्रतिसाद

कागदांबद्दल थोडंसं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घ्यायची सोय झाली. म्हणून गुंठेवारी म्हटलं की पळायचं, असंही नाही. नियमित केल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र हातात आहे का, ते बघायचं. 'फाईल टाकलीय, होऊन जाईल' याला काही अर्थ नाही.

फ्लॅट नवा असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागा. ते मिळाल्यानंतरच्या खरेदीवर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के लागतो. ४५ लाखांच्या आतलं आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (आतल्या वापराच्या जागेचं) घर परवडणाऱ्या घरांत धरतात, त्याला १ टक्का. तुमच्या बजेटला तोच लागू व्हावा, बिल्डरकडून लेखी घ्या. टोकन देण्याआधी कागदांच्या झेरॉक्स वकिलाला दाखवायच्या, मग घर कितीही आवडलेलं असो.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तुम्ही सांगितलं ते करून बघत होतो.

वाळूजवाल्या दादांचा प्रश्न वाचून मी गप्पच झाले. मिस्टरांच्या कंपनीची बस आहे. बजाजनगरातून ते सायकलवर जातात, म्हणून आठ वर्षांत बसचा विचारच कधी केला नाही. चौकशी केली. बस चिकलठाण्याहून निघते, मुकुंदवाडी, सिडको, क्रांती चौक करत वाळूजला जाते. तिन्ही शिफ्टला आहे. म्हणजे त्यांना दारातून गाडी, आणि माझ्या कंपनीची बसच नाही. इतके दिवस आम्ही किलोमीटर मोजत बसलो होतो.

ते स्वतःच्या मनानं एक आठवडा पहाटे स्कूटीवर मुकुंदवाडीला जाऊन तिथून बसनं कंपनीत गेले, सवय होते का बघायला. शनिवारी म्हणाले, झोप होते बसमध्ये, चालंल. मी एका रविवारी मुकुंदवाडी ते शेंद्रा स्कूटीवर जाऊन आले, पंचवीस मिनिटं लागली. मग सोमवारी कामाच्या वेळेला पुन्हा तोच रस्ता बघितला. केंब्रिज चौकात थोडं थांबावं लागलं, तरी पस्तीसच्या वर गेलं नाही. रोजचे दीड तास वाचतात. लेकीला शाळेतून आणायला मला अर्धा तास पुरेल.

देवळाईच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे बिलं मागितली. तीनपैकी एकाच सोसायटीनं दिली. मे महिन्याचा मेंटेनन्स जानेवारीच्या दुप्पट होता. मिस्टरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि देवळाईचा विषय स्वतःच मागे घेतला.

आता मुकुंदवाडी-चिकलठाणा पट्ट्यात बघतोय. लगेच खरेदी नाही करणार. आधी अकरा महिने भाड्यानं राहायचं ठरलंय, एक उन्हाळा तिथं काढून पाण्याचं बघायचं, मग घ्यायचं. लेकीची शाळा मात्र आत्ताच तिकडची धरणार. घर त्याच भागात घ्यायचं असल्यानं शाळा बदलायची वेळ येणार नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मीच एका रविवारी त्यांना मुकुंदवाडीला नेलं. जिंतूरहून येणारी एसटी जालना रोडनं सिडको स्टँडला येते, तिथून रिक्षानं दहा मिनिटांत घर. गावाकडच्या माणसाला आता बजाजनगरापर्यंत शहर ओलांडून यावं लागणार नाही, लवकर पोचेल, हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांची अट एकच आहे : तळमजला, आणि सकाळी ऊन येईल अशी ओसरी.

तर शेवटची मदत मागते. मुकुंदवाडी, रामनगर, चिकलठाणा या भागात तळमजल्यावर दोन खोल्या-स्वयंपाकघर, महिना दहा हजारांच्या आत, महापालिकेचा नळ असलेलं कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. नळ किती दिवसांनी येतो आणि किती वेळ राहतो, तेवढं मात्र सांगा. मार्चच्या आत हलायचं आहे.