रोलाँ गॅरोसच्या सैनिकी कारकिर्दीसाठी पॅरिसमध्ये काय पाहावं?

टेनिसवेडी:
मे-अखेरीला लेकीबरोबर रोलाँ गॅरोस स्टेडियममध्ये फ्रेंच ओपन बघायला चाललेय. ती अकरावीत आहे, रॅकेटपेक्षा विमानांचं वेड जास्त. गॅरोस हा जगातला पहिला ‘एस’ फायटर पायलट असं कुठेतरी वाचून तिने प्रकल्पाला त्याचीच कारकीर्द घेतलीय. सामने सोडून एक सोमवार मोकळा आहे. ल बूर्जेचं विमान संग्रहालय करावं, की व्हूझिएला त्याची कबर आहे तिथे जावं? आणि प्रकल्पात भर कशावर द्यावा?

पंखापुराण:
ताई, आधी ते ‘एस’ खोडायला सांगा. त्याला पाच विमानं पाडावी लागतात, गॅरोसच्या नावावर चारच. पाचाचा आकडा पहिल्यांदा गाठला आदोल्फ पेगूने.

भर एप्रिल १९१५ वर द्या. नाव त्याने आधीच कमावलं होतं. सप्टेंबर १९१३ मध्ये फ्रेज्यूसहून ट्युनिशियातल्या बिझर्तपर्यंत न थांबता भूमध्य समुद्र ओलांडणारा तो पहिला. पहिल्या महायुद्धात अडचण वेगळीच. मशीनगन नाकासमोर बसवली तर गोळ्या आपल्याच पंख्याला (प्रोपेलरला) लागणार! मोरान-सोल्निए कंपनीच्या मदतीने त्याने पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या. बहुतेक गोळ्या पात्यांमधून निघून जायच्या, पात्यावर बसतील त्या पाचरीवरून उडायच्या. उपाय ओबडधोबडच, पण आता विमानाचं नाक शत्रूवर रोखलं की झालं. १, १५ आणि १८ एप्रिल, तीन विमानं पाडली. १८ तारखेलाच बेल्जियममध्ये जर्मन हद्दीत उतरावं लागलं. विमान पेटवायला गेला, ते पुरतं जळलं नाही, आणि पंखा जर्मनांच्या हाती पडला.

घासूनपुसून:
‘जर्मनांसाठी विमानं बनवणाऱ्या फोकरने ते बघून नक्कल केली’ असं मात्र लिहू देऊ नका. पाचरी जर्मन गोळ्यांपुढे टिकेनात. फोकरच्या माणसांनी बंदूक इंजिनाच्या फिरण्याशीच जोडली, पातं समोर असेल तेव्हा गोळी सुटायचीच नाही. ही कल्पना युद्धाआधीच पेटंटात आलेली होती, गॅरोसच्या विमानाने फक्त घाई लावली.
आणि खरं सांगू का, गॅरोसपेक्षा दुसरा फ्रेंच वैमानिक ग्विनमेर घ्या. प्रकृती नाजूक म्हणून सैन्याने नाकारलेला पोरगा, मेकॅनिक होऊन आत शिरला, ५३ विमानं पाडली, सप्टेंबर १९१७ मध्ये बेल्जियमच्या आकाशात बेपत्ता झाला. त्याचं स्पॅड विमान ल बूर्जेला आहे.

पंखापुराण:
आकड्यांवर जायचं तर मग फ्रेंच वैमानिक फोंकच का नको? त्याची ७५! गॅरोसचा खरा कस कैदेनंतर लागला. जवळजवळ तीन वर्षं जर्मनांकडे काढून फेब्रुवारी १९१८ मध्ये मार्शाल नावाच्या साथीदाराबरोबर जर्मन अधिकाऱ्याच्या वेशात माग्डेबुर्गहून निसटला, हॉलंड-इंग्लंडमार्गे परतला. तोवर नजर अधू झालेली, विमानं बदललेली, एकट्यादुकट्याच्या शिकारीचे दिवस सरलेले. बाजूला बसला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण हा पुन्हा आपल्या २६ व्या स्क्वॉड्रनमध्ये हजर. २ ऑक्टोबरला चौथं विमान पाडलं, ५ ला व्हूझिएजवळ स्वतः पडला. दुसऱ्या दिवशी तिशी पूर्ण झाली असती.

सेनकाठी:
सोमवारी ल बूर्जे बंद! तेव्हा सोमवारी व्हूझिए करा. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकाहून टीजीव्ही या वेगवान गाडीने रँस शहर पाऊण तासात, पुढे भाड्याची गाडी घ्या, तासाभराचा रस्ता. गावात कबरीपलीकडे फार काही नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवा. संग्रहालयाला सामन्यांतली एक सकाळ काढा. आरईआर बी या लोकल गाडीने ल बूर्जे स्थानक, तिथून बस.
स्टेडियमला नाव का, हेही तिला लागेल. १९२८ मध्ये ते बांधताना गॅरोसचा वर्गमित्र एमिल लेसिअर याने हट्ट धरला. गॅरोस टेनिसपटू म्हणून प्रसिद्ध नव्हता.

टेनिसवेडी:
सगळ्यांचे आभार. सोमवार व्हूझिए, बुधवारी सकाळी ल बूर्जे. ‘एस’ खोडल्यावर लेक रुसली होती, पाचरींची आकृती काढताना खुलली. ग्विनमेरचं स्पॅड बघूच, घासूनपुसून, पण विषय बदलायला ती तयार नाही. गाडीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा ना?

सेनकाठी:
हो, आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा.