फुर्टव्हेंग्लर यांना ‘टेकिंग साइड्स’ने न्याय दिला का?

मूळ लेख:
वाद्यवृंद-संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांच्यावरचा इस्तव्हान साबो यांचा हा चित्रपट (२००१) मी नुकताच पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळेइतकाच अस्वस्थ झालो. नाझी राजवटीत ते जर्मनीतच राहिले, म्हणून युद्धानंतर त्यांची चौकशी झाली, हा त्याचा विषय. परंतु चौकशी करणारा अमेरिकी मेजर हे पात्र काल्पनिक आहे, आणि डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनमध्ये खरोखर झालेली, त्यांना दोषमुक्त करणारी सुनावणी पडद्यावर येतच नाही. पूर्वी विम्याचे दावे तपासणारा, संगीताचा गंध नसलेला हा मेजर त्यांना ‘बँडवाला’ म्हणून हिणवतो आणि आपण तो अपमान पाहत बसतो. नाझींना नकोशा झालेल्या हिंडेमिथ या संगीतकाराच्या बाजूने त्यांनी १९३४ मध्ये जाहीर लेख लिहिला, पदे सोडली, ज्यू वादकांना मदत केली. हे सारे इथे आरोपीच्या सबबींसारखे ऐकू येते. त्यांची छडी थरथरत खाली येई आणि वादकांना एकमेकांकडे कान लावूनच पहिला स्वर धरावा लागे. त्या हातांना या चित्रपटात फारच थोडी जागा मिळाली आहे.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. राजीनाम्यानंतर काही महिन्यांतच, १९३५ मध्ये, ते पुन्हा संचालनाला उभे राहिले, आणि १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला, त्यांनी बेथोव्हनची नववी सिंफनी सादर केली. तिच्या शेवटच्या समूहगानातले ‘सगळी माणसे भाऊ होतील’ हे शब्द त्या सभागृहात, त्या श्रोत्यांसमोर गायले गेले, याचे उत्तर दोषमुक्तीच्या निकालात मिळत नाही. मेजर उद्धट आहे खरा, पण छळछावणीतली प्रेते बुलडोझरने ढकलली जात असल्याचे चित्रण त्याने पाहिले आहे. त्याच्या संतापाचे मूळ तिथे आहे.

मूळ लेखक:
त्या मैफलीचे समर्थन मी करणार नाही. पण चित्रपटाच्या शेवटी येणारे खरे चित्रण आठवावे: नाझी प्रचारमंत्री गोबेल्स व्यासपीठापाशी येऊन हस्तांदोलन करतो आणि फुर्टव्हेंग्लर लगेच डाव्या हातातला रुमाल उजव्या हातात घेतात. तो घाम होता की किळस, हे साबो सांगत नाहीत, आणि एवढे एकच दृश्य मला साऱ्या उलटतपासणीपेक्षा प्रामाणिक वाटते.

प्रतिसाद २:
दोघांनाही एक गोष्ट सुचवावीशी वाटते. १९४८-४९ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने त्यांना बोलावले, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते आर्टुर रुबिनस्टाइन आणि व्लादिमीर होरोविट्झ यांच्यासारखे थोर पियानोवादक, तर त्यांची बाजू घेतली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी. तिघेही ज्यू होते. शेवटी ते निमंत्रण रद्द झाले. खरा खटला अशा जाणकारांमध्ये चालू असताना आरोप करण्याचे काम संगीत न कळणाऱ्या माणसाकडे सोपवले, हीच मला या पटकथेची मोठी चूक वाटते, कारण त्यामुळे संगीत कळणारा प्रेक्षक आपोआप फुर्टव्हेंग्लर यांच्या बाजूला जाऊन बसतो. रुबिनस्टाइन यांच्यासारखा माणूस समोर बसला असता, तर ‘मी फक्त संगीताची सेवा केली’ हे त्यांना इतक्या सहज म्हणता आले नसते.