१९ लिटर बिअरसाठी केवढं पातेलं घ्यावं, आणि घेतल्यावर ते कसं तपासावं?

सातू_भरडा
नमस्कार मंडळी. मुक्काम मिशिगन. आतापर्यंत माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) तयार अर्कातून छोट्या मापाची बिअर केली आहे. आता अख्ख्या माल्टचा भरडा कापडी पिशवीत घालून, एकाच पातेल्यात मॅश (भरडा गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवणं) आणि उकळी दोन्ही करायचं आहे. किण्वनाच्या भांड्यात १९ लिटर, म्हणजे ५ गॅलन, वर्ट (भरड्यातून उतरलेला गोड रस, ज्याची पुढे बिअर होते) पडायला हवा. भरडा साधारण ५ किलो. स्वयंपाकघरात काचेच्या पृष्ठाची विजेची शेगडी आहे, तिचा सर्वांत मोठा बर्नर ३ किलोवॉटचा. प्रश्न असे: ३० लिटरचं (८ गॅलन) पातेलं पुरेल का? स्टील घ्यावं की ॲल्युमिनियम? तोटीवालं घ्यावं का? आणि आणल्यावर थेट माल्ट घालण्याआधी काय काय बघावं?

मापात_पाप_नको
३० लिटरचं घेऊ नका. हिशेब मांडतो, म्हणजे कारण दिसेल.

किण्वनात १९ लिटर हवेत. तळाशी हॉप्सचा (कडवटपणासाठी घालतात त्या फुलांचा) आणि प्रथिनांचा गाळ बसतो, त्यात २ लिटर सोडावे लागतात. तासाभराच्या उकळीत ४ लिटर वाफ होऊन जातील असं तूर्त धरू. भरडा पाणी पितो: पिशवी नीट पिळली तर किलोला सुमारे ०.७ लिटर, म्हणजे ५ किलोला ३.५ लिटर. बेरीज २८.५ लिटर. एवढं गार पाणी सुरुवातीलाच लागेल.

आता लोक हमखास विसरतात ती गोष्ट. भरडा स्वतः जागा घेतो, किलोला साधारण पाऊण लिटरच्या किंचित आत. ५ किलोचे ३.३ लिटर झाले. शिवाय मॅशच्या ६७ अंशांना पाणी २ टक्के फुगतं. म्हणजे मॅशच्या वेळी पातेल्यात ३२ लिटरच्या वर ऐवज असणार. ३० लिटरच्या पातेल्यातून तो जमिनीवर येईल. ३८ लिटरचं (१० गॅलन) घ्या. त्यात ७ किलो भरडाही बसतो, पण काठोकाठ. त्याहून कडक बिअर करायची असेल तर ५७ लिटरचं (१५ गॅलन).

३० लिटरचं आधीच घरात असेल तर ५-६ लिटर पाणी बाजूला ठेवून मॅश करता येतो. पिशवी उचलली की ती त्या पाण्यात दुसऱ्या भांड्यात बुचकळून पिळायची आणि ते पाणी मुख्य पातेल्यात ओतायचं. मात्र नवीन घेताना ही तडजोड कशाला?

सातू_भरडा
जागा घेण्याचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हताच. धन्यवाद. उंच घ्यावं की पसरट?

मापात_पाप_नको
उंची आणि व्यास साधारण सारखे असलेलं. ३६ सेंमी व्यास आणि ३७-३८ सेंमी उंची झाली की ३८ लिटर होतात. या व्यासाचा मोठा फायदा म्हणजे उंचीच्या दर सेंटीमीटरला जवळजवळ बरोबर १ लिटर बसतो. स्टीलची पट्टी काठावरून खाली धरून रिकामी उंची मोजली की आत किती आहे ते लगेच कळतं, आणि पट्टी वर्टमध्ये बुडवावीही लागत नाही. ४५ सेंमीचं पसरट पातेलं घेतलंत तर पृष्ठभाग दीडपटीहून जास्त होतो. मॅश लवकर निवतो, आणि काचेच्या शेगडीवर ते बर्नरच्या बाहेर लोंबतं.

तिहेरी_बुड
शेगडीबद्दल मी लिहितो, कारण इथे पातेल्यापेक्षा शेगडीच आडवी येण्याची शक्यता जास्त आहे.

३ किलोवॉटच्या बर्नरमधून पातेल्यात पोचणारी उष्णता ७० टक्के धरली तर २.१ किलोवॉट. २५ लिटर वर्ट ६७ वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३,४५० किलोज्यूल लागतात. म्हणजे कागदावर २७ मिनिटं, प्रत्यक्षात बाजूंनी उष्णता जाते म्हणून ३५-४०. इथवर ठीक. पण तासात ४ लिटर पाण्याची वाफ करायला नुसत्या बाष्पीभवनासाठी अडीच किलोवॉट लागतात. तुमच्या बर्नरची तेवढी ताकद नाही. उडेल ते ३ लिटरच्या आतच. त्यामुळे वरचा ४ चा आकडा पाण्याच्या चाचणीनंतर बदलायचा आहे, हे आत्ताच लिहून ठेवा.

बुड तिहेरी थराचं, मध्ये ॲल्युमिनियम असलेलं घ्या. ॲल्युमिनियम उष्णता स्टीलच्या दहापटींहून जास्त वाहून नेतं, त्यामुळे आच एका जागी साचत नाही आणि वर्ट करपत नाही. पातळ, एकपदरी स्टीलच्या बुडावर खालच्या कॉइलच्या आकाराचं करपलेलं वर्तुळ उमटतं, आणि करपट वास बिअरमधून शेवटपर्यंत जात नाही. शेगडीच्या पुस्तिकेत दोन गोष्टी वाचा: बर्नरपेक्षा भांडं किती बाहेर आलेलं चालतं आणि वजनाची मर्यादा. भरलेलं पातेलं ३५ किलोंच्या पुढे जाईल.

प्रोपेनचा बर्नर घेतलात तर वेळ निम्म्याहून कमी होतो. पण तो फक्त उघड्यावर. मिशिगनच्या थंडीत गराजचं दार किलकिलं करून तो आत लावायचा मोह होतो. कृपया करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कल्हई
धातूबद्दल. आपल्याकडे ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतात ते ॲल्युमिनियम, बिअरला पूर्ण चालतं. पहिल्यांदा काठापर्यंत साधं पाणी भरून अर्धा तास उकळा. आतून करडा, मळकट थर येईल. तो ऑक्साइडचा थर हेच त्याचं कवच आहे. घासून चकाकी आणू नका, आणि धुण्याचा सोडा किंवा परकार्बोनेटवाली पावडर त्यात भिजत घालू नका. अल्कली हा थर खाऊन टाकतो.

स्टील घेणार असाल तर ३०४ प्रतीचं मागा. चुंबक लावून बघण्याची पद्धत अर्धीच खरी आहे. भिंतीला चुंबक घट्ट चिकटलं तर ते ४३० आहे, गंजायला सोपं. पण चिकटलं नाही म्हणून ३०४ सिद्ध होत नाही, कारण कमी निकेलचं स्वस्त २०१ सुद्धा चुंबकाला धरत नाही. वळलेल्या काठाशी ३०४ लाही हलकी ओढ लागते, तिथे घाबरू नका. तिहेरी बुडाचा बाहेरचा थर इंडक्शनसाठी मुद्दाम चुंबकीय ठेवतात, म्हणून चाचणी भिंतीवरच करा. एनॅमलचं पातेलं घेऊ नका. टवका उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि वर्टला धातूची चव येते.

पुणेरी_हंडा
गावाकडून आणलेलं कल्हईचं पितळी पातेलं चालेल का? मोठं आहे, जाडही आहे.

कल्हई
नको. जुन्या पितळेत शिसं असू शकतं आणि कथलाच्या शुद्धतेची खात्री देता येत नाही. वर्टचा सामू (pH) ५.२ ते ५.४ असतो, म्हणजे आम्लधर्मी, आणि तो तासभर उकळतो. शिवाय कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं आचेवर राहिलं तर कल्हई गेलीच. तोटीचे जोड पितळी असतील तर मात्र ते साफ करून वापरता येतात. २ भाग पांढरं व्हिनेगर आणि १ भाग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड यांत ५-१० मिनिटं ठेवायचे. रंग लोण्यासारखा पिवळा झाला की काढून धुवायचे. द्रावण हिरवट होऊ लागलं तर जास्त वेळ झाला.

आणि पातेलं पुण्यात असेल, तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय कायद्याने एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घरात २०० गॅलन चालते, विकायची मात्र नाही.

पहिला_घाणा_पाण्याचा
तपासणीचं लिहितो. माल्ट आणण्याआधी एक पूर्ण दिवस पातेल्याला द्या.

सर्वांत आधी तेल. कारखान्यातलं यंत्राचं तेल आत राहिलेलं असतं. स्टील असेल तर गरम पाणी आणि परकार्बोनेटच्या पावडरीने धुवा, वाळवा, पांढऱ्या कागदाने कोपरे आणि रिव्हेटच्या भोवती पुसा. कागदावर करडा डाग आला तर पुन्हा. तारेचा काथ्या अजिबात नको. त्याचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि तिथूनच गंज धरतो. ब्लीचही नको, क्लोराइडने बारीक खड्डे पडतात.

मग बुड. उलटं करून पट्टी आडवी धरा. मध्यभागी किंचित आत गेलेलं असेल तर बरं, तापल्यावर सपाट होतं. बाहेर फुगलेलं असेल तर काचेवर डुगडुगेल. असं पातेलं परत करा.

माप वजनकाट्यावर घाला: १ किलो पाणी म्हणजे १ लिटर. दर २ लिटरला रिकामी उंची टिपून ठेवा. कंपनीने आत कोरलेल्या रेघांवर या मोजणीशिवाय विश्वास ठेवू नका.

तोटी असेल तर पातेलं भरून खाली कोरडा कागद ठेवा, १२ तास. नंतर २५ लिटर पाणी झाकण न ठेवता मोजून ६० मिनिटं उकळा आणि तोटीकडे लक्ष ठेवा, कारण गार असताना न गळणारा जोड गरम झाल्यावर गळू शकतो. पाणी पूर्ण निवल्यावरच उरलेलं मोजा. उकळतं पाणी ४ टक्के फुगलेलं असतं आणि २५ लिटरला तेवढ्यानेच लिटरभराची चूक होते. शेवटी तोटी उघडून सगळं वाहू द्या. तळाशी उरतं ते मृत माप, तेही हिशेबात धरा.

पिशवी बुडाला टेकू देऊ नका. खाली स्टीलची जाळी ठेवा.

सातू_भरडा
३८ लिटर, ३६ सेंमी, तिहेरी बुड, तोटीसह घेतलं. २५ लिटर पाण्यातून तासाभराने, निवल्यावर, २२.४ उरलं. गार असताना तोटी कोरडी, उकळताना मिनिटाला दोन-तीन थेंब.

तिहेरी_बुड
म्हणजे २.६ लिटर उडतं. ४ च्या जागी २.६ धरा, सुरुवातीचं पाणी २८.५ ऐवजी २७.१ लिटर. उकळी पृष्ठभाग हलवण्याइतकी आहे का ते बघा. नुसती शिजतेय असं वाटलं तर भिंतींभोवती उष्णतारोधक पट्टा गुंडाळा, बर्नरपासून वर ठेवून. पिल्सनर माल्टला ९० मिनिटं उकळा, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहतो. तेव्हा वाफेचे ३.९ लिटर धरा. पेल एल माल्टला ६० पुरतात. झाकण दोन्ही वेळा उघडंच.

पहिला_घाणा_पाण्याचा
तोटी खोला. भोकाच्या कडेला बोट नको, कापूस फिरवा. धागे अडकले तर कडेला खर (कापताना उठलेली धातूची धार) आहे, बारीक कानशीने काढा. सिलिकॉनची रिंग चिमटली असेल तर बदला. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, त्यापेक्षा आवळलं तर रिंग बाहेर पिळून निघते आणि गळती वाढते. मग पुन्हा एक उकळी पाण्याची, माल्ट त्यानंतर.