विषय: २० डिसेंबरचा हॉलमधला नाताळ – मेणबत्त्यांचं काय ते आज ठरवा

प्रेषक: नगरवाल्या वहिनी (सोमवार)

मंडळी, आत्ताच हॉल घेतलाय त्या सेंटरमधून फोन आला, उघडी ज्योत अजिबात चालणार नाही म्हणे. मी विचारलं समई? तर तीही नाही. आपण रविवारी आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, चौथी मेणबत्ती लावणार होतो. आम्ही चार घरं २९ नोव्हेंबरपासून दर रविवारी एकेकाकडे जमतोय, पोरं वचन वाचतात, एक गाणं होतं, एक मेणबत्ती लागते, काल तिसरी गुलाबी लागली आणि शेवटची सगळ्यांसोबत हॉलमध्ये लावायची असं पोरांना केव्हाच सांगून झालंय. बॅटरीच्या आणू का? फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय, त्यात एक रकानाच आहे "ज्योत: हो/नाही". एका शब्दात उत्तर द्या. जेवणाची मेल वेगळी आहे, ते तिकडे लिहा, इथे नको.

---

प्रेषक: खजिनदार

नाही. गणपतीत गेलेलं डिपॉझिट अजून परत आलेलं नाही, बंब आला होता तो सगळ्यांनी पाहिलाय. कापूर मी लावला नव्हता एवढं पुन्हा एकदा नोंदवतो.

---

प्रेषक: तात्या

> कापूर मी लावला नव्हता

रोख कळला. तर हेही नोंदवा की कापराने काही झालं नाही, आरती संपून ताट खाली ठेवलेलं होतं. मागच्या खोलीत कुणीतरी धूप लावून दार ओढून घेतलं होतं, तो धूर साठला आणि दार उघडल्यावर एकदम बाहेर आला. मी त्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा सगळे कोट शोधत होते. बाकी वहिनी, पार्किंगमध्ये लावा की मेणबत्ती, सेंटरचं छत काही तिथवर येत नाही.

---

प्रेषक: वसईची माई

तात्या, कॅनडात, मिसिसागात डिसेंबरात पार्किंगमध्ये मेणबत्ती? काडीसुद्धा पेटायची नाही, आणि लहान पोरांना बूट चढवून बाहेर काढेपर्यंत नाताळ होऊन जाईल.

बॅटरीची मात्र नको ग वहिनी. आगमनकाळ म्हणजे वाट बघायची, दर आठवड्याला एक उजेड वाढतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि चौथीची पाळी येईपर्यंत पहिली जळून बोटाएवढी होते. पोरांना ते डोळ्यांना दिसतं. बॅटरीची मेणबत्ती चारही आठवडे तेवढीच. त्यात वाट बघण्यासारखं काय राहिलं?

आणखी एक. येशूजन्माचा गोठा मी आणतेय, पण त्यात बाळ नसणार, आत्ताच सांगून ठेवते, मागे "माई बाळ विसरली" म्हणून हॉलभर झालं होतं. विसरले नव्हते. बाळ २४ च्या रात्री मिस्साला जायच्या आधी ठेवायचं, तोवर गव्हाणी रिकामी. आमच्याकडे आई डिसेंबर लागला की परातीत माती घालून गहू पेरायची आणि नाताळपर्यंत बोटभर हिरवं गवत व्हायचं, तेच गोठ्याभोवती. इथे मी हीटरच्या वर खिडकीत परात ठेवलीय, उगवलंय पण सगळं काचेकडे वाकलंय. रोज परात फिरवते.

---

प्रेषक: अण्णा

मी एका शब्दात लिहिणार नाही, वहिनी माफ करतील.

ज्या रीथसाठी, म्हणजे मेणबत्त्यांच्या गोल कड्यासाठी, एवढी मेलामेली चालू आहे ती आपल्याकडे होती कधी? हॅम्बुर्गला विखेर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, नाताळ कधी येणार म्हणून पोरं रोज विचारायची, म्हणून त्यांनी १८३९ साली एक गाडीचं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. चार मेणबत्त्यांची सुटसुटीत रीथ नंतरची. म्हणजे पोरांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेली ती सोय. सोयीवरून भांडू नये.

नगरजवळच्या आमच्या गावी रीथबीथ कुणी पाहिली नव्हती. एक गॅसबत्ती, पेटी, टाळ, आणि रात्री नऊला निघालेलं भजन पहाटे शेवटच्या घरी पोचायचं, प्रत्येक ओट्यावर गुळाचा चहा. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तरी अभंग सोडला नाही, म्हणून तर आमच्या आजीला देवळातून चर्चमध्ये आल्यावरही गाणं परकं वाटलं नाही. मग २५ ला सकाळी उपासना, आणि घरी करंज्या-चकल्यांचा फराळ, त्यातलं एक ताट शेजारी पाटलांकडे. त्यांचं दिवाळीचं आमच्याकडे आलेलं असायचंच.

आणि घरातलं म्हणाल तर दादा २४ ला लूकचा दुसरा अध्याय वाचायचे. वाचून झालं की प्रत्येक पोराला एकच प्रश्न. मला एकदा विचारलं, धर्मशाळेत जागा नव्हती, तू मालक असतास तर कुणाला उठवलं असतंस? मी म्हटलं थोरल्या भावाला. तो अजून बोलून दाखवतो. रविवारी हाच प्रश्न पोरांना विचारावा म्हणतो.

माईंना एक विचारायचंय, बाळ नाही तर मेंढपाळ काय बघायला आलेत?

---

प्रेषक: वसईची माई

अण्णा, मेंढपाळ पण २४ लाच येतात. सध्या गाय आणि गाढव.

---

प्रेषक: ब्रॅम्प्टनची सून (नवीन सभासद)

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे मी ख्रिस्ती आणि नवरा देशस्थ, त्यामुळे डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार आणि आगमनकाळातले रविवार दोन्ही चालू आहेत, सासूबाई इथेच आहेत सध्या. त्यांनीच विचारलंय की त्या आल्या तर चालेल का आणि केक बिनअंड्याचा आहे का.

माईंच्या गोठ्यावरून आठवलं, आम्ही घरी एक रिकामं खोकं गव्हाणी म्हणून ठेवलंय, दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं की त्यात एक काडी टाकायची, म्हणजे २४ पर्यंत बाळाला मऊ अंथरूण होतं. मुलाने पहिल्याच दिवशी कचरा बाहेर ठेवून सहा काड्या टाकल्या. मी म्हटलं एका कामाची एकच. तर म्हणाला पिशव्या सहा होत्या. सासूबाईंनी त्याचीच बाजू घेतली. आता त्याही गुपचूप टाकतात, मला सकाळी दिसतात.

सांताबद्दल काय ठरलंय? त्याला अजून खरं वाटतं.

---

प्रेषक: पेटीवाले काका

पेटीचं कुणी विचारलंच नाही, अण्णांनी गृहीत धरलेलं दिसतंय. पेटी माझ्यासोबत येईल आणि माझ्यासोबतच जाईल. मागच्या वर्षी "जाता जाता सोडतो" म्हणून ती रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली, उणे अठरा होतं, आणि अजून मध्यमाचा सूर दाबला की वर येत नाही, बोटाने उचलावा लागतो. दुसरं, ट्रॅक लावून गाणार असाल तर मी आणत नाही. पट्टी कळवा. पोरं गाणार असतील तर काळी चारच्या वर नको, किंचाळतात.

---

प्रेषक: नगरवाल्या वहिनी

एक शब्द मागितला होता.

बॅटरी नाही, पार्किंग नाही. चारही घरांनी रविवारी तीनला आमच्याकडे यायचं, चौथी मेणबत्ती तिथेच लावू, पोरं प्रार्थना करतील, विझवू, आणि रीथ तशीच, काळ्या वाती आणि ओघळलेल्या मेणासकट, हॉलमध्ये नेऊन गोठ्याशेजारी ठेवू. पोरं विचारतील तर अण्णा चाकाची गोष्ट सांगतील, पाच मिनिटांत, अण्णा, पाच.

सांता येणार नाही. त्या कपड्यांचा मागे जो गोंधळ झाला तो पुरे, पोरं रात्रभर भेटवस्तू मोजत बसली आणि वचन कुणी ऐकलं नाही. पण खोटा आहे असंही कुणी सांगायचं नाही, तात्या.

सूनबाई, सासूबाईंना नक्की आणा, दोन केकपैकी एक बिनअंड्याचा आहे, काड्यांचं खोकं पण आणा. काका, पट्टी काळी दोन, ट्रॅक नाही.

फॉर्म भरला. ज्योत: नाही.

---

प्रेषक: खजिनदार

आभारी. फक्त एक. वडे आणि रस्सा गरम ठेवायला ताटांखाली आपण त्या जेलच्या डब्या पेटवतो, ती उघडी ज्योत होते की नाही? फॉर्म गेला का?

---

प्रेषक: नगरवाल्या वहिनी

गेला.

---

प्रेषक: तात्या

वडे पार्किंगमध्ये.