कच्च्या मातीची गणेशमूर्ती पायवाटेने नेण्यासाठी चाकांची गाडी : रचनेबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

गोव्यातील फोंडा तालुक्यात आमच्या गावी काकांची चित्रशाळा आहे आणि तेथे चवथीसाठी केवळ चिकणमातीच्या मूर्ती घडवल्या जातात. या मूर्ती भट्टीत भाजल्या जात नाहीत. त्या सावलीत वाळवून रंगवल्या जातात. त्यामुळे यजमानाच्या घरी माटोळीखाली (देवावर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली) विराजमान होईपर्यंत मूर्ती पाण्याने विरघळणारी आणि धक्क्याने तडकणारी कच्ची मातीच असते. चित्रशाळेपासून डांबरी रस्त्याने टेम्पो जातो. अडचण त्यानंतरची आहे. आमच्या भागातील बरीच घरे रस्त्यापासून आत, चढावर किंवा बांधापलीकडे आहेत आणि तेथवर जाणारी वाट जेमतेम तीन फूट रुंद असते. काही ठिकाणी तिच्यावर पेव्हर बसवले आहेत, काही ठिकाणी जुने चिरे उखडलेले आहेत आणि अंगणात शिरण्यापूर्वी चार-सहा पायऱ्या हमखास असतात. भाद्रपदात यावर पाऊस आणि शेवाळ यांची भर पडते.

लहान मूर्ती डोक्यावरून नेता येते. सव्वातीन-साडेतीन फुटांची मूर्ती पाटासह साठ-सत्तर किलोच्या घरात जाते आणि तिला चार धडधाकट माणसे लागतात. पूर्वी वाड्यावर हाक मारली की माणसे मिळत असत. आता अनेक घरांत केवळ वयस्कर जोडपी उरली आहेत. काही कुटुंबांनी याच एका कारणासाठी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली मूर्तीची उंची कमी करून घेतली आहे आणि हे मला मनापासून खटकते. मूर्ती लहान असावी की मोठी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण तो निर्णय वाटेवरच्या पायऱ्यांनी घेऊ नये, असे मला वाटते.

म्हणून दोन माणसांना सहज नेता येईल अशी चाकांची गाडी बनवून घेण्याचा विचार आहे. गावात वेल्डिंगचे चांगले काम करणारे कारागीर आहेत. नेमकी कोणती रचना करावी, यावर मात्र आमचे एकमत होत नाही. आतापर्यंत काय पाहिले आणि कशात काय उणे वाटले, ते सविस्तर लिहितो.

गोदामात वापरतात ती सपाट ट्रॉली गेल्या वर्षी चित्रशाळेतच वापरून पाहिली. तिला चार इंची फिरती चाके होती. फरशीवर ती उत्तम चालली. परंतु अंगणातील गटारावरच्या जाळीशी पुढचे चाक अडले, ट्रॉली जागीच थांबली आणि मूर्तीला पुढे हिसका बसला. त्या वेळी काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या उजव्या हाताच्या मनगटावर, कंकणाच्या सोनेरी पट्ट्याला लागून, केसाएवढी रेघ उमटलेली होती. बोट फिरवल्यावर तेथील रंगाचा पापुद्रा सुटून आला. हात जेथे बारीक होतो, सोंड जेथे वळते आणि कान जेथे डोक्याला जोडला जातो, तेथेच कच्ची माती सर्वांत आधी दगा देते. दाब ती बराच सोसते. ताण तिला अजिबात सोसवत नाही.

शेजारच्या गावातील एका कारागिराने अशाच ट्रॉलीखाली चार स्प्रिंगा बसवल्या. पेव्हरच्या वाटेवर थरथर कमी होण्याऐवजी वाढली. याचे कारण मला कळलेले नाही.

गॅस सिलिंडर किंवा फ्रिज नेण्याची दोन चाकी उभी ट्रॉली आणि तिचाच पायऱ्या चढणारा, प्रत्येक बाजूला तीन-तीन चाकांचा चक्राकार संच असलेला प्रकारही पाहिला. पण या दोन्हींमध्ये ओझे मागे कलवूनच न्यावे लागते. आमचे ओझे कलवता येत नाही. मूर्ती मागे झुकली की पुढे आलेल्या हातांचा आणि सोंडेचा भार भलत्या दिशेने पडतो. शिवाय देवाला आडवे-तिडवे करून नेणे कोणाही यजमानाला रुचणार नाही आणि ते रुचू नये, असेच मीही म्हणेन.

आणखी एक अट आहे. आमच्याकडे यजमान आपल्या घरचा पाट आधीच चित्रशाळेत आणून देतात आणि मूर्ती त्याच पाटावर घडवली जाते. हे पाट सारख्या मापाचे नसतात. दीड ते पावणेदोन फूट रुंदीचे, काही पायांचे, तर काही बिनपायांचे असतात. म्हणजे गाडीने मूर्तीला हात न लावता केवळ पाट घट्ट धरला पाहिजे, मग तो कोणत्याही मापाचा असो.

माझे प्रश्न असे आहेत. चाके किती मोठी असावीत? स्प्रिंगा घालाव्यात की हवेचे टायर पुरेसे होतील? मूर्ती उभीच राहील, अशी पायऱ्यांवरून जाणारी एखादी रचना अस्तित्वात आहे का? आणि अशी रचना कोणाच्या पेटंटखाली असेल, तर ती आम्हांला बनवता येईल का?

प्रतिसाद १

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. आपल्या स्प्रिंगांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर बहुधा आपल्या वर्णनातच आहे. ओझे ठेवल्यावर स्प्रिंग एक सेंटिमीटर दबत असेल, तर त्या गाडीची वर-खाली डोलण्याची स्वाभाविक गती सेकंदाला सुमारे पाच वेळा इतकी असते. नेहमीचा आयताकृती पेव्हर साधारण २० सेंटिमीटर लांब असतो. सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालीने, गाडी त्याच्या लांबीच्या दिशेने ढकलली, तर चाकाला सेकंदाला पाच सांधे लागतात. दोन्ही गती तंतोतंत जुळल्या, की प्रत्येक धक्का आधीच्या डोलण्यात भर घालतो. स्प्रिंगा मऊ करून त्या चार सेंटिमीटर दबतील असे केले, तर स्वाभाविक गती अडीचवर येते आणि त्याच वाटेवरचा सुमारे एक तृतीयांश हादराच वर पोहोचतो. परंतु इतक्या मऊ स्प्रिंगांवर उंच मूर्ती डावी-उजवीकडे झोके घेऊ लागेल. म्हणून माझे मत स्प्रिंगांच्या विरोधात आणि मोठ्या, कमी हवेच्या टायरच्या बाजूने आहे.

चाकाच्या आकाराचा हिशेबही स्पष्ट आहे. दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा ओलांडण्यासाठी, आसाच्या पातळीवर आडवा जोर लावला असता, चार इंची चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे १.३ पट जोर लागतो. सायकलच्या २६ इंची चाकाला तोच जोर भाराच्या सुमारे ३६ टक्के लागतो. आपली ट्रॉली जाळीपाशी का थांबली, ते यावरून लक्षात येईल.

तीन चाकांच्या संचाची कल्पना जुनी आहे. लॉकहीडच्या अभियंत्यांनी १९६७ च्या सुमारास ती दलदलीत आणि खडकाळ जमिनीवर चालणाऱ्या वाहनासाठी पुढे आणली. मात्र पायरी चढताना त्या संचाचा मध्य प्रत्येक वळणाला वर उसळतो आणि पुन्हा आपटतो. कच्च्या मातीसाठी ते घातक आहे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या गाडीची सहा चाकी, स्प्रिंगविरहित रचनाही कोणी सुचवेल. एखाद्या दगडावरून जाताना तिचा वरचा भाग कमी कलतो हे खरे. परंतु सलग जिन्यावर तोही जिन्याइतकाच तिरपा होतो.

प्रतिसाद २

डोंगरातील बचाव पथके जखमी माणसाला नेताना स्ट्रेचरखाली एकच मोठे चाक बसवतात, हे आपण पाहिले असेल. भार चाक घेते, तोल माणसे सांभाळतात आणि चाक जेथे चालणार नाही तेथे स्ट्रेचर सरळ उचलला जातो. आपणांस हाच विचार पालखीच्या रूपाने करता येईल. पुढे दोन आणि मागे दोन दांडे ठेवावेत, दोन्ही बाजूंना एकेक सायकलचे चाक असावे आणि त्यांच्यामधून आरपार जाणारा आस न घालता मधला फळा खाली लटकता ठेवावा. आस मध्ये आला, तर फळा त्याच्यावर चढवावा लागतो आणि सगळी उंची वाढते. गाडी सपाटीवर, चढावर किंवा उतारावर असली, तरी पुढचा आणि मागचा माणूस दांडे वर-खाली करून पाट समतल ठेवू शकतो. शेवटच्या चार-सहा पायऱ्यांपुरती आणखी दोन माणसे बोलवावी लागतील. ती कल्पना सोडू नये. चाकाने पायऱ्या चढण्याच्या हट्टापायी गाडी फार गुंतागुंतीची होईल आणि ऐन चवथीच्या सकाळी ती बिघडणे कोणालाच परवडणार नाही.

सायकलचे चाक एका बाजूने आधार देऊन बसवू नये. त्याचा आस दोन्ही बाजूंनी धरण्यासाठी बनलेला असतो. वळणावर तो वाकतो. दोन्हीकडून पट्टी द्यावी आणि उतारासाठी सायकलचाच ब्रेक लावावा.

प्रतिसाद ३

पेटंटसंबंधी थोडक्यात लिहितो. हाताने ढकलायच्या गाड्यांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बी ६२ बी’ असा वर्ग आहे आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या वर्गात विनामूल्य शोध घेता येतो. ज्या शोधांची वर्गवारी युरोप-अमेरिकेच्या संयुक्त पद्धतीने झालेली असते, त्यांत ‘२२०२’ या क्रमांकाने सुरू होणारे संकेत पाहावेत. गाडी कोणती वस्तू नेण्यासाठी आहे, ते त्यांतून कळते. सिलिंडरसाठी वेगळा संकेत आहे, त्यामुळे शोध फार पसरत नाही. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते आणि ज्या देशात ते दिले गेले तेथेच लागू होते. केवळ अमेरिकेत पेटंट असलेली रचना भारतात बनवून भारतातच वापरण्यास त्या पेटंटाची आडकाठी येत नाही. एक सावधगिरी सांगतो. आपणांस स्वतःच्या रचनेचे पेटंट घ्यायचे असेल, तर येथे तिचा तपशील लिहिण्याआधी अर्ज करावा, कारण जे आधीच जाहीर झाले ते नवे मानले जात नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. पेटंट घेण्याचा विचार नाही. उलट, रचना जमली तर मापांसह येथेच देईन, म्हणजे माशेल, डिचोली किंवा काणकोण येथील कोणत्याही चित्रशाळेला ती गावातच बनवून घेता येईल.

पालखीची कल्पना काकांना लगेच पटली. तिचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. आमच्या मोठ्या मूर्तीचा गुरुत्वमध्य पाटापासून अंदाजे ४० सेंटिमीटरवर धरला आणि पाट जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर असला, तर ६० सेंटिमीटर रुंदीच्या गाडीला बाजूला सुमारे १७ अंशांचा कल मिळताच ती उलटते. फळा १५ सेंटिमीटरवर उतरवला आणि चाकांमधील अंतर ७० सेंटिमीटर केले, तर ही मर्यादा ३२ अंशांच्या आसपास जाते. निसरड्या वाटेवर या फरकाचे मोल फार मोठे आहे.

एका बाबतीत मात्र २६ इंची चाक आम्हांला चालणार नाही. मूर्तीचे मागील दोन हात पाटाच्या बाहेर येतात आणि इतके उंच चाक थेट कोपरापाशी येईल. २० इंची चाक घेतले, तर त्याचा माथा फळ्यापासून ३५ सेंटिमीटरवरच राहतो आणि हात मोकळे राहतात. दोन सेंटिमीटरच्या अडथळ्याला तेव्हा भाराच्या ४३ टक्क्यांच्या आसपास जोर लागेल. तो दोन माणसांना जमेल.

आता अडले आहे ते पाट धरण्यापाशी. चारही बाजूंनी सरकणारे, आतून रबर लावलेले कोन आणि त्यांना हाताने फिरवायचे स्क्रू, असा विचार आहे. परंतु पायांच्या पाटाला बाजूने आवळले, तर जुन्या लाकडाचे पाय निखळतील अशी भीती वाटते. पाटाच्या फळीला वरून दाबणारी पकड बसवावी, तर मूर्तीच्या बैठकीची माती अनेकदा फळीच्या कडेपर्यंत आलेली असते. ज्यांनी जुने लाकडी सामान किंवा वाद्ये सुरक्षित बांधून नेली आहेत, त्यांनी या पकडीबद्दल कृपया लिहावे. त्याचबरोबर, मूर्तीला स्पर्श न करता वरून पावसाचे आच्छादन धरणारी कमान याच सांगाड्यावर उभारावी की ती वेगळ्या माणसाने हाती धरावी, यावरही आपले मत हवे आहे. वाऱ्याच्या झोताने ताडपत्री फुगली, तर ती गाडीलाच ओढेल, असे काकांचे म्हणणे आहे आणि मला ते योग्य वाटते.