घरातल्या वायरी: कुठे लपवल्या, कशा बांधल्या, काय टिकलं?

मधलीखोली

फोन बिनतारी झाला, टीव्ही भिंतीवर गेला, संगणकाच्या जागी लॅपटॉप आला, तरी वायरी काही कमी होत नाहीत. आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली सेट टॉप बॉक्स, राउटर, फायबरचा डबा, साउंडबार आणि या सगळ्यांचे अडॅप्टर. त्यात बिल्डरने प्लग पॉइंट दिलेत ते नेमके समोरच्या भिंतीवर. दिवाळीनंतर रंगकाम काढायचंय, तेव्हा भिंत फोडायची तर आत्ताच, असं घरात ठरलंय.

ऑर्गनायझरच्या जाहिराती पाहून झाल्या. त्यात टेबलावर एकच लॅपटॉप आणि एक कुंडी असते. तुमच्या घरी काय केलंत, ते नंतरही तसंच राहिलं का, वायरमन काय म्हणाला, हे लिहा. जुनी घरं, भाड्याची घरं, परदेशातली घरं, सगळं चालेल.

ठाणेपश्चिम

रंगाआधी विचारलंत ते बरं केलंत. टीव्हीमागे दीड ते दोन इंची पीव्हीसी पाइप टाकून घ्या. एक तोंड टीव्हीच्या मागे, दुसरं खाली युनिटच्या मागे. वायरमन सवयीने पाऊण इंची पाइप काढतो, कारण त्याला ओढायची असते ती सुटी वायर, तिच्या टोकाला काहीच नसतं. एचडीएमआयच्या केबलला कारखान्यातूनच प्लग बसवून येतो आणि तो पाऊण इंचीतून जात नाही. आमच्याकडे यावरून अर्धा तास वाद झाला. शेवटी घरातली केबल आणून पाइपच्या तोंडाला लावून दाखवली, मग गाडी पुढे सरकली.

पाइप सरळ उभा ठेवा, काटकोनी एल्बो अजिबात नको. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा आणि नवी केबल ओढताना तिच्याबरोबर आणखी एक दोरी ओढून घ्या, म्हणजे पुढच्या वेळची सोय होते. टीव्हीची २३० व्होल्टची वायर मात्र या पाइपात घालू नका. तिच्यासाठी टीव्हीमागेच वेगळा प्लग पॉइंट काढा, आणि तो काढण्याआधी ब्रॅकेट कुठे बसणार ते भिंतीवर पेन्सिलीने आखा. आमच्या शेजाऱ्यांकडे पॉइंट बरोबर ब्रॅकेटच्या पट्टीखाली आलाय. आता त्यात प्लगच बसत नाही.

भिंत चार इंची असेल तर दोन इंची पाइपसाठी फार खोल झिरी पडते, तिथे दीडवर भागवा. कॉलम आणि बीमला कुणालाही छिन्नी लावू देऊ नका.

मीरारोडची_सून

ठाणेपश्चिम, हे विटांच्या भिंतीचं झालं. आमची इमारत मायव्हानची आहे, म्हणजे घरातली भिंत न् भिंत काँक्रीटची. झिरी मारायला सोसायटीची सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. अशा घरात केसिंग पट्टीशिवाय, म्हणजे भिंतीवर बसणाऱ्या झाकणाच्या प्लास्टिक पट्टीशिवाय, इलाज नाही.

पट्टी कशी फिरवली यावर सगळं आहे. टीव्हीपासून तिरपी किंवा मधूनच आडवी नेली की वर्षभर डोळ्यांत खुपते. आम्ही ती टीव्हीच्या मागून सरळ खाली स्कर्टिंगपर्यंत आणली, स्कर्टिंगच्या वरच्या कडेने दाराच्या चौकटीपर्यंत नेली आणि चौकटीला चिकटून वर चढवली. वर भिंतीचाच रंग मारला. पाहुण्यांना दाखवावी लागते.

दोन गोष्टी सांगते. दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नका, पावसाळ्यात ती सुटते. स्क्रू आणि रावल प्लगच हवेत आणि काँक्रीटला हॅमर ड्रिलच लागतं. दुसरी रंगाची. रंगारी पट्टी आणि झाकण यांच्या फटीवरून सर्रास ब्रश फिरवतो. नंतर झाकण उघडलं की रंगाची सालं निघतात. त्यामुळे झाकणं काढून वेगळी रंगवायला सांगा. तो कुरकुर करेल, करू दे.

गिरगावची_आजी

आमच्या चाळीत सगळी वायरिंग भिंतीवरच होती. लाकडी पट्टी, तिच्यावर वायरी ओळीने बसवलेल्या, ठरावीक अंतरावर पत्र्याच्या क्लिपा आणि शेवटी काळा गोल खटका. काही बिघडलं की आमचे हे बोट फिरवत फिरवत जाऊन नेमकी जागा शोधायचे. आता मुलाच्या ब्लॉकमध्ये एक दिवा बंद पडला तर भिंतीत काय चाललंय ते कुणालाच सांगता येत नाही.

वायर दिसली म्हणजे घर गबाळं, हे कुणी ठरवलं? वाकडी दिसली तर गबाळं. सरळ लावा आणि दिसू द्या.

तपकीरगल्ली

आजींना शंभर मार्क.

आमचा बुधवार पेठेत इलेक्ट्रिक सामानाचा धंदा आहे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न: वायर लपवायला काय मिळेल? मी उलट विचारतो, त्या वायरीवर काय चालणार आहे? कारण राउटर, टीव्ही आणि फोनचे चार्जर मिळूनसुद्धा दोनशे-तीनशे वॅटच्या वर क्वचित जातात. ते बांधा, गुंडाळा, पेटीत घाला, फारसं बिघडत नाही. इस्त्री, किटली, हीटर यांची गोष्ट वेगळी. साधा एक्स्टेंशन बोर्ड ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्याचे होतात १,३८० वॅट. १,५०० वॅटची एकटी किटली त्याच्या बाहेर गेली. हजार वॅटच्या इस्त्रीसोबत दुसरं काही तापवायचं लावलंत तरी तेच.

आता यात लपवण्याचा भाग कुठे येतो? जास्तीची वायर लोक गुंडाळी करून, टायने आवळून सोफ्यामागे कोंबतात. वायरीतून करंट गेला की ती थोडी तापतेच. सुटी असेल तर उष्णता हवेत जाते, वेटोळ्यात ती एकमेकींना तापवत राहते. रीलवाल्या बोर्डावर जड लोड चालवायचा तर रील पूर्ण उलगडायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. गालिच्याखालून वायर नेणं हा त्याचाच भाऊ. तिथे वर पायही पडतात, इन्सुलेशन झिजतं आणि कळतही नाही.

वायर लपवायच्या पेट्या मिळतात, आम्हीही विकतो. भोकांची घ्या. अडॅप्टर एकमेकांवर रचू नका. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून घरी पेटी करायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, तो शेवटी पुठ्ठा आहे. बोर्ड आयएसआय मार्कचाच हवा, आणि तीन पिनच्या प्लगची मोठी पिन कापून तो दोन पिनच्या जागेत घुसवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

वेगळा पॉइंट काढणार असाल तर एसी, गीझरला १६ अँपिअरचाच, आणि वायर किती एमएमची टाकतोय ते वायरमनला विचारा. प्लास्टर झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

फायबर_जोडणारा

मी हेच काम करतो, तेव्हा एक विनंती. फायबरची बारीक पांढरी किंवा काळी वायर कोपऱ्यात काटकोनात दाबून बसवू नका. आत काचेचा धागा असतो. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो, सिग्नल पडतो आणि डब्यावर लाल दिवा लागतो. मग आम्हाला फोन येतो की काल रंगकाम झालं आणि आज नेट बंद. गेलो की दिसतं, कपाट भिंतीला टेकवलंय आणि मधे वायर चेपलीय.

जास्तीची वायर आम्ही मुद्दाम सोडतो, ती कापू नका. चहाच्या बशीएवढी मोठी रिंग करून सैल लटकवा. प्लास्टिकचा केबल टाय कचकन आवळू नका, वेल्क्रोची पट्टी चांगली, कितीही वेळा सोडता येते.

देवगडवाला

तुम्ही शहरातली मंडळी दिसण्याचं बोलताय. आमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला, ढग गडगडायला लागले की घरातला एकजण उठून प्लग काढत फिरतो. टीव्ही, राउटर, फ्रीज, डिशची वायरसुद्धा. प्लग कपाटामागे लपवला तर तेवढ्यात कपाट कोण ओढणार? पुतण्याने पुण्याहून येऊन फार सुंदर टीव्ही युनिट करून दिलं, मागे सगळं बंद. पहिल्याच वळवाला मी सुताराला बोलावून बाजूला हात जाईल एवढं दार कापून घेतलं.

दुसरं म्हणजे उंदीर. उघड्या वायरीवर तो दिसतो तरी. पट्टीच्या किंवा फळीच्या मागे तो निवांत कुरतडतो. आम्ही माळ्यावरून जाणाऱ्या वायरी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपातून नेल्या. आणि बोर्डाला ज्या भोकातून वायर आत जाते ते बुजवा, नाहीतर पाली आणि मुंग्या आत घर करतात.

सांगलीकर_नदीकाठ

देवगडवाल्यांना पूर्ण अनुमोदन, कारण आमचं दुखणं वेगळं पण उपाय त्याच दिशेचा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर तळमजल्याची सगळी वायरिंग नव्याने केली. स्कर्टिंगजवळ एकही पॉइंट ठेवला नाही. मेन वायरी छताच्या बाजूने, तिथून खाली उतरणाऱ्या पट्ट्या, आणि बोर्ड पाण्याच्या खुणेच्या वर. हॉलमध्ये बोर्ड डोक्याच्या उंचीवर पाहून नवीन माणूस विचारतोच. आम्ही खूण दाखवतो.

न्यूजर्सीकर

अमेरिकेत घराच्या आतल्या भिंती बहुतेक लाकडी सांगाड्यावर जिप्समची फळी ठोकलेल्या, आत पोकळ. वायर लपवायला स्वर्ग वाटतो. दोन भोकं पाडा, वरून सोडा, खालून ओढा. पण टीव्हीची पॉवर कॉर्ड अशी भिंतीतून नेणं इथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये बसत नाही. लवचीक कॉर्ड ही भिंतीतल्या पक्क्या वायरिंगच्या जागी वापरायची नाही असा नियम आहे. एचडीएमआय, नेटवर्कची केबल भिंतीत चालते, तीही भिंतीसाठीच बनवलेली असेल तर. पॉवरसाठी मग टीव्हीमागे नवा आउटलेट किंवा त्यासाठी मिळणारं किट. ठाणेपश्चिम यांनी पॉवर वेगळी ठेवा म्हटलंय, तेच.

लंडनमध्ये_भाड्याने

भिंतीला खिळा मारला तर घरमालक अनामत रकमेतून कापून घेतो, त्यामुळे माझा सगळा संसार फर्निचरला चिकटवलेला आहे. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या अंगाला स्क्रूने उलटा बसवलाय, टेबल माझंच आहे. टेबलापासून भिंतीपर्यंत एकच वायर जाते. इथल्या प्रत्येक प्लगमध्ये आपला वेगळा फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा, ही एक चैन.

कोथरूड_कामवाली_नाही

माझी अडचण फक्त फरशी पुसण्याची होती. बोर्ड जमिनीवर पडलेला, त्यावरून ओलं फडकं. मावशी आल्या की मी पाय वर घेऊन बसायची. आता मावशी नाहीत आणि पोछा माझ्याच हातात आहे. वर लंडनवाल्यांनी लिहिलंय तसंच केलं, बोर्ड टेबलाखाली उलटा. जमिनीवर काही नाही. टेबलाखाली डोकं घातलं तर अजूनही जंगल आहे, पण डोकं कोण घालतंय.

डोंबिवली_उत्सवी

गणपतीच्या माळांचं कुणी लिहिलं नाही! वर्षातून एकदा लागतात आणि उरलेलं वर्ष त्यांचा गुंता होतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडायच्या, पिनचं टोक पहिल्या खाचेत अडकवायचं आणि माळ पुठ्ठ्यावर गुंडाळत जायची. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहायचं: पिवळी, मखराची उजवी बाजू. पुढच्या भाद्रपदात आपलेच आभार मानाल.

मखरापासून प्लगपर्यंतची वायर भिंतीवर सेलोटेपने चिकटवू नका, विसर्जनानंतर रंग घेऊनच निघते. केमिस्टकडची कागदी चिकटपट्टी अलगद सुटते. तेवढ्या दिवसांना पुरते.

म्युनिक_मराठी

लपवण्याआधी कमी करा. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या फोनना, टॅबना, हेडफोनना यूएसबी-सी बंधनकारक झालं. पलंगाजवळ आता एकच चार्जर आणि एकच केबल आहे, बायकोला तीच आणि मलाही तीच. त्यावरून भांडणं होतात ती वेगळी.

राउटर, स्पीकर, जुनी हार्ड डिस्क यांच्या गोल पिनच्या अडॅप्टरचं मात्र काय करणार? पिन सारखीच दिसते, पण एक ९ व्होल्टचा, दुसरा १२ चा, तिसरा १९ चा. अडॅप्टर ज्या दिवशी घरात येईल त्याच दिवशी त्याच्या पोटावर कागदी पट्टी लावून यंत्राचं नाव लिहा. ज्याचं यंत्रच घरात राहिलं नाही तो अडॅप्टर ई-कचऱ्यात. आईच्या घरी सांगलीला असाच डबा भरून निघाला, त्यात बंद पडलेल्या कॉर्डलेस फोनचे तीन चार्जर होते आणि एकही फोन नव्हता.

मधलीखोली

सगळ्यांचे आभार. आमच्या भिंती विटांच्याच आहेत, तेव्हा दीड इंची पाइप नक्की. युनिटच्या बाजूला देवगडी दारही करतोय, प्लग हाताशी राहील. एकच शंका उरली: राउटर टीव्हीच्या मागेच बसवला तर दिसणारही नाही आणि वायरही वाचेल. चालेल ना?

फायबर_जोडणारा

नको. टीव्हीची मागची बाजू बऱ्याचदा पत्र्याची असते, तीच वायफायला आडवी येते, आणि मागे गरमही होतं. आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून मग मलाच बोलावाल. फायबरचा डबा युनिटमध्ये ठेवा आणि तिथून एक लॅन केबल पट्टीतून वर नेऊन राउटर कपाटाच्या माथ्यावर उघडा ठेवा. डबा आणि राउटर एकच असेल तर तोच वर जाऊ द्या, फायबरची वायर तेवढी लांब घ्यायला आधीच सांगा. आणि पाइप टाकताना त्या लॅन केबलचाही विचार करा, वायरमन अजून आलेला नाही ना?

मधलीखोली

शनिवारी येतोय. दाखवतो त्याला हे.