पीट ग्रे संघात गुणांवर होता की गर्दी जमवायला?

धागाकर्ता: सहाव्या वर्षी उजवा हात गमावलेला हा आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, मेजर लीगमध्ये, एकच मोसम खेळला: 1945, सेंट लुईस ब्राउन्स, 77 सामने. "युद्धामुळे खेळाडू नव्हते म्हणून घेतला," असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हा अन्याय वाटतो. आदल्या वर्षी खालच्या पातळीच्या सदर्न असोसिएशन लीगमध्ये मेम्फिसकडून त्याची सरासरी .333 होती (म्हणजे बॅटिंगच्या दर तीन वेळांत एक हिट, चेंडू टोलवून बेस गाठणं), 68 बेस चोरले होते (टोला नसताना पळून पुढचा बेस गाठणं) आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. झेल कसा घ्यायचा तेही बघा. चेंडू ग्लोव्हमध्ये आला की ग्लोव्ह थोट्या हाताखाली दाबायचा, चेंडू छातीवरून घरंगळत परत डाव्या पंजात घ्यायचा आणि फेकायचा. सगळं एका दमात.

प्रतिसाद १: त्या एका दमातच धावणारा पुढचा बेस गाठायचा ना! शिवाय मेम्फिसच्या लीगमधलेही चांगले खेळाडू सैन्यात गेले होते. ब्राउन्सकडून 234 वेळा बॅटिंग, 51 हिट, सरासरी .218. आउटफिल्डरला हे चालत नाही. 1944 ला अमेरिकन लीग (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) जिंकलेला हा संघ पुढच्या वर्षी तिसरा आला. ग्रेपायी विजेतेपद गेलं, असं त्याच्या काही सहकाऱ्यांनाच वाटत होतं. बाकावर बसलेल्या धडधाकट खेळाडूवर अन्याय झाला नाही का?

धागाकर्ता: 1945 ला पहिलं आलेलं डेट्रॉइट ब्राउन्सच्या सहा सामने पुढे होतं. ते सगळे एकट्या ग्रेने घालवले? 234 वेळांत तो फक्त 11 वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, हेही मोजा.

प्रतिसाद २: मला त्याचं फार कौतुक आहे. इस्पितळात जाऊन हातपाय गमावलेल्या सैनिकांना तो भेटायचा, ते तर मोठंच काम. पण म्हणून संघात जागा मिळत नाही. एका हाताने बॅट फिरवायला सुरुवात केली की मध्येच आवरता येत नसे. पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) हे हेरलं आणि हळू, वळणारे चेंडू टाकायला लागले. 1946 ला सैनिक परतले, याची रवानगी खालच्या लीगमधल्या टोलेडो संघात.

धागाकर्ता: तुमच्याच मुद्द्यावर बोलतो. गल्लीत कच्च्या लिंबाला आपण जपून चेंडू टाकतो, त्याचा कच्चा दुवा शोधत बसत नाही. अमेरिकन लीगच्या पिचरांनी ग्रेचा शोधला.

प्रतिसाद १: शोधला, आणि त्यावर त्याला उत्तर सापडलं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.